बोटभर सैनिकांचं मासिक: ‘व्हाइट ड्वार्फ’ची पानं वाचायची कशी?

डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात एक गंमतशीर वाटावी अशी पण अगदी खरी बातमी झाली. बाजारमूल्याने सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांच्या यादीत, म्हणजे एफटीएसई १०० या निर्देशांकात, बँका, तेल आणि औषध कंपन्यांच्या पंगतीला ‘गेम्स वर्कशॉप’ जाऊन बसली. नॉटिंगहॅमची ही कंपनी बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक, राक्षस आणि रणगाडे विकते. तेही सुट्या भागांत आणि बिनरंगी. जोडायचे आणि रंगवायचे गिऱ्हाइकाने. त्याच वर्षी तिच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाचा पाचशेवा अंक निघाला.

हे मासिक नवख्या माणसाच्या हाती पडलं तर काहीच उमगत नाही. एका पानावर शिंगवाला राक्षस. पुढच्या पानावर कोष्टक, त्यात ‘३+’, ‘४+’ आणि इंचांचे आकडे. त्यापुढे रंगांच्या बाटल्यांची नावं आणि एकाच चेहऱ्याचे सहा फोटो. मग दोघांनी खेळलेल्या एका सामन्याचं आठ-दहा पानी वर्णन, बाणांच्या नकाशांसकट. विणकाम न येणाऱ्याने ‘दोन सुलट, दोन उलट’ वाचावं, तशी गत होते. सुया हातात असलेल्या माणसाला मात्र त्याच ओळीत स्वेटरची बाही दिसते. या पानांचंही तसंच आहे, म्हणून आधी सुया हातात घेऊ.

## किल्ल्यावरचे मावळे चालू लागले तर

दिवाळीत अंगणात किल्ला होतो. दगडविटांचा डोंगर, त्यावर मातीचा लेप, हिरवळीसाठी पेरलेले अळीव, आणि सगळं वाळल्यावर बुरुजांवर, पायऱ्यांवर मांडलेले मातीचे मावळे. आता कल्पना करा की समोरच्या घरातल्या पोरांनीही फौज आणली आणि काही नियम ठरले. प्रत्येक मावळा एका खेपेला वीतभर चालेल, चढावर अर्धी वीत. मध्ये भिंत असेल तर बाण मारता येणार नाही. बाण लागला की नाही हे फासा सांगेल. आधी तुमची पूर्ण फौज हलेल, मग समोरच्याची. पाच खेपांनंतर दरवाजा ज्याच्या ताब्यात, तो जिंकला.

हाच वॉरगेम: नियम, मोजपट्टी आणि फासे वापरून टेबलावर खेळलेली लढाई. त्यात वापरतात त्या छोट्या मूर्तीला मिनिएचर म्हणतात. आणि फौजा शिवकालातल्या किंवा नेपोलियनच्या नसून बुटके, पऱ्या, ड्रॅगन, चेटके यांच्या असतील तर तो झाला फँटसी वॉरगेम. पारिभाषिक शब्द एवढेच पुरे आहेत.

एक फरक मात्र महत्त्वाचा. आपल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. इथे प्रमाण ठरलेलं असतं. सर्वांत रूढ माप २८ मिलिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची. डोक्यापर्यंत का नाही? कारण कोणी शिरस्त्राण घालतो, कोणी तुरा लावतो. डोळ्यांची पातळी मात्र सहसा दिसते. डोकं आणि हात मुद्दाम थोडे मोठे घडवलेले असतात, कारण तीन फुटांवरून पाहताना खऱ्या प्रमाणातला हात दिसतच नाही.

मूर्तीच्या पायाखाली एक तबकडी असते. तिला बेस म्हणतात आणि नवखी मंडळी नेमकं तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. हल्लीच्या बहुतेक खेळांत अंतर बेसच्या कडेपासून मोजतात, पुढे आलेल्या तलवारीच्या टोकापासून नव्हे. म्हणजे २५, ३२ की ४० मिलिमीटरचा बेस, यावर कोण कुठवर पोहोचतो आणि अरुंद वाटेत किती जण मावतात हे ठरतं. सुंदर रंगवलेली मूर्ती चुकीच्या बेसवर असली तर सामन्यात खरोखर वाद होतो.

## बुद्धिबळाच्या पटावरून इथवर

ही काही काल-परवाची टूम नाही. चतुरंगातून बुद्धिबळ आलं आणि बुद्धिबळाचाच पट फुगवून १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग यांनी डोंगर, पाणी, गाव अशा रंगांची घरं असलेला युद्धाचा खेळ मांडला. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी राइसवित्स यांनी नकाशा, फासे आणि पंच यांवर चालणारी पद्धत सैन्याला दिली. बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलं की ते मेलंच. इथे तोफ डागली तरी ती लागेलच असं नाही, आणि सेनापतीला ते गृहीत धरूनच बेत करावा लागतो. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी घरातल्या जमिनीवर खेळण्यातल्या सैनिकांनी खेळायचे नियम पुस्तकरूपाने छापले. त्यात फासे नव्हते. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून खरोखरची लाकडी गोळी झाडून सैनिक पाडायचे.

ड्रॅगन आणि चेटके या खेळात ठसठशीतपणे आले ते अमेरिकेतून. १९७४ मध्ये तिकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात.

## मासिकाचा जन्म आणि त्याचं वळण

१९७५ मध्ये लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तिघा मित्रांनी गेम्स वर्कशॉप सुरू केली. सुरुवातीचा धंदा लाकडी पटांचा. लवकरच त्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ युरोपात विकण्याचे हक्क मिळाले आणि गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांनी ‘आउल अँड वीझल’ नावाचं साधं बातमीपत्र काढलं. १९७७ च्या जूनमध्ये त्याची जागा लिव्हिंगस्टन यांच्या संपादनाखाली ‘व्हाइट ड्वार्फ’ने घेतली, तेव्हा द्वैमासिक म्हणून.

नाव विचारपूर्वक ठेवलेलं आहे. खगोलशास्त्रात याचा अर्थ श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेला तारा. परीकथेत तोच शब्द पांढऱ्या दाढीच्या बुटक्याला लागू पडतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोन्हींच्या वाचकांना एकाच नावात जागा मिळाली.

पहिल्या काही वर्षांतलं मासिक आजच्याहून फार वेगळं होतं. ‘फीन्ड फॅक्टरी’ या सदरात वाचकांनी कल्पिलेले राक्षस छापले जात. ‘ओपन बॉक्स’मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या खेळांची परीक्षणं येत. म्हणजे एका छंदाचं सामायिक व्यासपीठ.

वळण आलं ते साध्या हिशेबातून. भूमिकेच्या खेळात एका खेळाडूला एक मूर्ती पुरते. लढाईच्या खेळात शंभर लागतात. कंपनीची जोडसंस्था असलेली ‘सिटाडेल मिनिएचर्स’ शिशाच्या मूर्ती ओतत होती आणि लोकांकडे त्या कपाटभर साठल्या होत्या. १९८३ मध्ये ब्रायन अॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर’ हा फँटसी वॉरगेम आला. त्याने त्या कपाटातल्या मूर्तींना रणांगण दिलं. १९८७ मध्ये तेच जग दूरच्या भविष्यात नेणारा ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला. दरम्यान मासिकाचं बिऱ्हाड लंडनहून नॉटिंगहॅमला हललं, आणि दशक संपता संपता त्यात फक्त स्वतःच्या कंपनीचे खेळ आणि मूर्ती उरल्या.

नॉटिंगहॅमच्या आसपास पुढे या व्यवसायाची एक अख्खी वसाहत उभी राहिली. पेरी बंधूंसारखे मूर्तिकार तिथूनच बाहेर पडून स्वतंत्र झाले. ‘वॉरलॉर्ड गेम्स’ या दुसऱ्या मिनिएचर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, पॉल सॉयर, तर आधी याच मासिकाचे संपादक होते. मूर्ती ओतायच्या धातूवरून या पट्ट्याला तिकडचे लोक ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात.

## ‘३+’ म्हणजे काय? कोष्टकाचं पान

आता कोष्टक उघडू. फासा नेहमीचाच, सहा बाजूंचा. ‘३+’ याचा अर्थ तीन किंवा त्याहून जास्त पडलं तर यश. सहापैकी चार बाजू चालतात, म्हणजे शक्यता दोन तृतीयांश. ‘४+’ म्हणजे निम्मी, ‘५+’ म्हणजे एक तृतीयांश.

वॉरहॅमर ४०,००० च्या २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत एक गोळी तीन चाळण्यांतून जाते. नेम लागला का, हे मारणाऱ्याचं कौशल्य सांगतं. लागलेली गोळी घायाळ करते का, हे शस्त्राचा जोर विरुद्ध शत्रूचा चिवटपणा यांवर ठरतं: दोन्ही सारखे असतील तर ४+, जोर जास्त असेल तर ३+, दुप्पट किंवा अधिक असेल तर २+. जोर कमी पडला तर ५+, आणि निम्मा किंवा त्याहूनही कमी असेल तर ६+. शेवटी चिलखताने वाचवलं का, हा फासा शत्रू स्वतःसाठी टाकतो.

दहा सैनिक, प्रत्येकी दोन गोळ्या, म्हणजे वीस फासे. नेम ३+ वर: वीसपैकी साधारण १३ लागतात. जोर आणि चिवटपणा सारखा, म्हणून ४+: त्यातल्या सहा-सात घायाळ करतात. शत्रूचं चिलखत ४+ चं असेल तर निम्म्या अडतात आणि तीन-चार शत्रू पडतात (नेमकी सरासरी ३.३३). हाच शत्रू पडक्या भिंतीआड उभा असेल तर आडोशामुळे त्याचं चिलखत ३+ होतं आणि सरासरी २.२२ वर येते. भिंतीमागे सरकण्याने मृत्यू एक तृतीयांशाने घटले. म्हणून अनुभवी खेळाडू बंदूक कोणती यापेक्षा भिंत कुठे हे आधी पाहतो, आणि मासिकातल्या नकाशांवर भिंती इतक्या काळजीपूर्वक काढलेल्या असतात त्याचं कारणही हेच.

काही चाचण्या दोन फाशांची बेरीज करून घेतात, आणि तिथे हिशेब बदलतो. छत्तीस जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ येते, १२ फक्त एका जोडीची. मार खाल्लेल्या तुकडीने धीर धरला का हे पाहायला ६ किंवा जास्त बेरीज लागत असेल तर ३६ पैकी २६ जोड्या चालतात, म्हणजे सुमारे ७२ टक्के. ७ लागत असेल तर २१ जोड्या, म्हणजे ५८ टक्के. कोष्टकात फक्त एका आकड्याचा फरक दिसतो, पण टेबलावर तो चांगला चौदा टक्क्यांचा असतो.

कोष्टकात ‘गुण’ही असतात. प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते आणि दोन्ही फौजा समान बेरजेच्या घेतात, म्हणजे सामना बरोबरीचा होतो. नेहमीचा मोठा सामना २००० गुणांचा, ६० बाय ४४ इंचांच्या रणभूमीवर, आणि त्याला तीनेक तास सहज जातात.

## रंगकामाचं पान: इथेच खरा जीव आहे

आमच्या मते मासिकाचा सर्वांत टिकाऊ भाग हाच. ‘एव्ही मेटल’ या नावाने कंपनीच्या रंगकारांचं काम त्यात वर्षानुवर्षं छापून येतंय, आणि १९८७ पासून भरणाऱ्या ‘गोल्डन डीमन’ या रंगकाम स्पर्धेतल्या मूर्तीही. पानावर दिसतात त्या पायऱ्यांमागचं कारण समजलं की कुठलीही मूर्ती रंगवता येते.

मूळ अडचण उजेडाची आहे. माणसाच्या अंगावरच्या झग्याला खोल चुण्या असतात, त्यांत सावली पडते. तोच झगा तीन सेंटिमीटरच्या मूर्तीवर आला की चुणी एखादा मिलिमीटर खोल उरते आणि खोलीतल्या दिव्याखाली तिच्यात सावली पडतच नाही. एकाच लाल रंगाने रंगवलेला झगा लांबून लाल डाग दिसतो. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच दाखवावे लागतात.

देवघरातली पितळेची समई आठवा. घासल्यावर उंचवटे लख्ख होतात आणि नक्षीच्या खाचांत काळपटपणा राहतो. त्या काळपटपणामुळेच नक्षी उठून दिसते. मिनिएचरचं अर्धं रंगकाम म्हणजे हा परिणाम मुद्दाम घडवणं.

क्रम असा. भाग प्लास्टिकच्या ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून ते कटरने कापायचे, मूर्तीला अगदी लागून न कापता थोडं देठ ठेवून, आणि उरलेलं पात्याने तासायचं. लागून कापलं तर प्लास्टिक ओढलं जाऊन खड्डा पडतो. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे मूर्तीवर बारीक रेघ उठते. ती पात्याच्या पाठीने खरवडून काढायची. ही रेघ आधी जेमतेम दिसते, पण रंग चढल्यावर नाकावरून हनुवटीपर्यंत ओरखडा असल्यासारखी उठते आणि तेव्हा उपाय नसतो.

जोडताना डिंक ओळखून घ्यायचा. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि त्याचा खास डिंक दोन्ही कडा वितळवून एकजीव करतो. धातू आणि रेझिन (साच्यात ओतून किंवा प्रिंटरने घट्ट केलेलं कडक प्लास्टिक) वितळत नाहीत, तिथे फेव्हिक्विकसारखा सायनोअॅक्रिलेटच लागतो. तो प्लास्टिकलाही चिकटतो खरा, पण सांधा ठिसूळ राहतो आणि मूर्ती पडली की हात निखळतो.

त्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. तो नसेल तर अॅक्रिलिक रंग गुळगुळीत प्लास्टिकवर थेंब थेंब गोळा होतो आणि वाळल्यावर नखाने निघतो. स्प्रे असेल तर २० ते ३० सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून, छोट्या फवाऱ्यांत.

मग मूळ रंग, आणि तो पातळ. आंबोळीच्या पिठासारखा नको, घावनाच्या पिठासारखा हवा. दोन पातळ थर द्यायचे. पहिल्यानंतर खालचं दिसलं तरी घाबरायचं नाही. एकच जाड थर दिला की डोळे, बटणं, चिलखताच्या कड्या सगळं बुजतं. रंग पसरवायला ओली पॅलेट घरीच होते: झाकणाचा डबा, तळाशी ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. खालची ओल कागदातून वर येत राहते आणि रंग तासन्‌तास वाळत नाही. कागदाला मेणाचा थर असेल तर ओल वर येत नाही, तो घेऊ नये.

मूळ रंग पूर्ण वाळला की वॉश, म्हणजे खाचांत वाहून बसणारा पातळ गडद रंग. लालावर तपकिरी, सोनेरीवरही तपकिरी, चंदेरीवर काळा. सपाट जागी तळं साचलं तर वाळताना त्याच्या कडेला डाग उठतो, म्हणून ओलं असतानाच कोरड्या ब्रशने ते टिपून घ्यायचं. घाई करून अर्धवट वाळलेल्या वॉशवर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा थर साली निघाल्यासारखा सुटतो. शेवटी उंचवट्यांवर मूळ रंगाची उजळ छटा. केस, फर, दगड यांसाठी जुन्या ब्रशवर रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि वरून हलकेच घासायचा. याला ड्रायब्रश म्हणतात. समईवर फिरणाऱ्या हातासारखंच ते.

डोळ्यांबद्दल एक. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, मुरलेल्या हाताने होते. मिनिएचर रंगवणारे बरेच जण उलट करतात: चेहऱ्याच्या कामात डोळे आधी. डोळ्याची जागा जेमतेम एक मिलिमीटर असते, पांढरा ठिपका हमखास बाहेर सांडतो, आणि त्वचेचा रंग नंतर द्यायचा असेल तर सांडलेलं त्याखाली झाकता येतं. ब्रश मात्र फार बारीक घेऊ नये. अतिबारीक ब्रशवरचा रंग मूर्तीपर्यंत पोहोचेतो टोकाशी वाळतो. ० किंवा १ नंबरचा, पण टोक शाबूत असलेला ब्रश उत्तम. रंग त्याच्या धातूच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही; तिथे वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं.

बेसवर फेव्हिकॉल पाण्यात सैल करून लावायचा, मूर्ती चाळलेल्या वाळूत टेकवायची, रात्रभर ठेवायची. सकाळी वाळूवर तपकिरी रंग, वॉश, फिकट ड्रायब्रश. पंधरा मिनिटांच्या कामाने मूर्ती हवेत उभी न वाटता जमिनीवर उभी वाटते.

## आपल्या हवेत काय बिघडतं

ही पानं इंग्लंडच्या हवेत लिहिली जातात. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये स्प्रेचा मॅट वार्निश (रंग झाकणारा शेवटचा बिनचमकी थर) मारला तर मूर्तीवर दुधासारखी साय येते. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. दोन महिन्यांचं काम एका फवाऱ्यात पांढरं पडतं. पाऊस चालू असेतो प्रायमर आणि वार्निश दोन्ही ब्रशने लावावेत. साय आलीच तर कोरडा दिवस बघून चकचकीत वार्निशचा पातळ थर द्यावा. बऱ्याचदा ती निवळते, मग वरून पुन्हा मॅट.

विदर्भ-मराठवाड्यात किंवा पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं. फवाऱ्याचे थेंब मूर्तीला लागण्याआधी हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरबरीत होतो. अशा वेळी फवारणी सकाळी लवकर, थोडं जवळून आणि सावलीत करावी.

## सामन्याचं वर्णन कशासाठी वाचायचं?

‘बॅटल रिपोर्ट’ हे सदर नवख्याला सर्वांत कंटाळवाणं वाटतं आणि मुरलेला खेळाडू आधी तेच उघडतो. वाचायची रीत अशी: फौजांच्या याद्या बघा, दोघांचे बेत वाचा, मग पहिला नकाशा बघून पुढचं पान झाका. तुम्ही कुठे सरकला असता ते ठरवा आणि मगच पान उलटा. निकाल फारसा महत्त्वाचा नसतो. फासे उलटे पडून चांगला बेतही हरतो. पाहायचं ते हे, की कुठली तुकडी तीन खेपा नुसतीच चालत राहिली आणि कुठली मोक्याच्या जागेवर आधी पोहोचून बसली. हरलेल्याच्या पहिल्या मांडणीतच बहुतेक वेळा हार दिसते.

## ‘ही तर पैसे देऊन घेतलेली जाहिरात झाली’

या आक्षेपात तथ्य आहे. मासिक कंपनीचं, माल कंपनीचा, रंगाच्या बाटल्यांवरची नावंही कंपनीचीच. नव्या मूर्तीवर परखड टीका त्यात सापडणार नाही. ती ‘ओपन बॉक्स’बरोबर गेली, आणि ती जायला नको होती असं आम्हाला मनापासून वाटतं. खरेदीचा निर्णय या पानांवरून घेऊ नये. तंत्र मात्र कोणाच्या मालकीचं नसतं. वॉश कुठल्याही कंपनीचा असो, खाचांतच जातो.

जुने अंक घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नियमांची पानं शिळी होतात: वॉरहॅमर ४०,००० ची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये आली, नववी २०२० मध्ये, दहावी २०२३ मध्ये, आणि दर वेळी आधीचे गुण आणि कोष्टकं बाद झाली. रंगकामाची, बेसची, रणभूमी बनवण्याची पानं वीस वर्षांनीही जशीच्या तशी उपयोगी पडतात. कोणी सामन्यासाठी म्हणून जुना अंक विकत असेल तर आधी आवृत्ती विचारावी.

## ‘व्हिडिओ असताना छापील पान कशाला?’

कंपनीलाही हा प्रश्न पडला होता. २०१४ च्या फेब्रुवारीत मासिकाचं साप्ताहिक केलं गेलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ते पुन्हा मासिक झालं. दर आठवड्याच्या ताज्या बातम्या देण्यात छापील अंक इंटरनेटला गाठू शकत नाही. पण एका हातात मूर्ती, दुसऱ्यात ओला ब्रश असताना टेबलावर उघडं पडलेलं पान थांबवावं लागत नाही, पुढे पळत नाही. ब्रशची हालचाल शिकायला व्हिडिओ नक्कीच सरस आहे. कुठल्या पायरीला मूर्ती कशी दिसायला हवी, हे ताडून पाहायला सहा स्थिर फोटो सरस.

## ‘घरी प्रिंटर असेल तर विकत का घ्यायचं?’

रेझिनचे त्रिमिती प्रिंटर आता या दर्जाच्या मूर्ती काढतात, हे खरं. घरच्या किंवा मित्रांच्या टेबलावर त्या चालतात. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या दुकानांत आणि स्पर्धांत फक्त त्यांच्याच मूर्ती चालतात. धोका वेगळाच आहे आणि तो कमी लेखला जातो: न सुकलेलं रेझिन त्वचेला बाधतं. नायट्रिलचे हातमोजे, उघडी खिडकी, अल्कोहोलने धुणं आणि मग अतिनील प्रकाशात पूर्ण सुकवणं, यातलं काहीच टाळता येत नाही. सुकलेलं रेझिन घासायचं तरी पाण्याखाली किंवा तोंडाला मास्क लावून, कारण ती धूळ फुप्फुसात जाते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या शिशाच्या मूर्तींनाही हेच लागू. कानशीने घासू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

## सुरुवात केवढ्याने करायची

२००० गुणांची फौज एकदम घेणं ही सर्वांत महागडी चूक. बाहेरून मागवताना किमतीवर पोस्टेज आणि सीमाशुल्क चढतं, आणि साठ बिनरंगी मूर्तींचा ढीग पाहून उत्साहही मावळतो. ‘किल टीम’सारख्या चकमकीच्या खेळात एका बाजूला डझनभराच्या आसपास सैनिक पुरतात आणि सामना जेवणाच्या टेबलावर मावतो. रंगही पाचच घ्यावेत: काळा, पांढरा, एक त्वचेचा, एक धातूचा, एक फौजेचा मुख्य रंग, आणि जोडीला तपकिरी वॉशची एक बाटली.

त्याही आधी हात बसवायचा असेल तर गेल्या दिवाळीतला एखादा मावळा माळ्यावरून काढा. कच्ची किंवा भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून आधी पातळ फेव्हिकॉलचा एक हात देऊन तो रात्रभर वाळू द्या, नाहीतर वॉश खाचांत न जाता जागच्या जागी जिरेल. मग पागोट्याच्या पिळांत तपकिरी वॉश सोडा, तो पूर्ण वाळल्यावर पिळांच्या उंचवट्यांवर फिकट ड्रायब्रश फिरवा, आणि मावळा हातभर लांब धरून बघा.